सोमवारचा सुळका

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि मग जरासं वाकून माझ्या हाताचा वास घेतला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी थेट एचआरकडे गेले असते. पण ह्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर, दूध नासलंय का ते बघणाऱ्या माणसाचा असतो, तसला भाव होता. "लॅव्हेंडर?" त्यांनी विचारलं. मी न्यू जर्सीत नवी, नोकरी नवी, बाहेर मरणाची थंडी. गाडीत बसल्याबसल्या हाताला क्रीम चोपडलं होतं. "हो सर," मी म्हटलं. "सर नको. आणि उद्यापासून हेही नको," असं म्हणून ते आत निघून गेले.

मग त्यांना म्हणायचं तरी काय, हा एक प्रश्नच झाला. अमेरिकेत साहेबाला नावाने हाक मारतात हे मला माहीत होतं, पण वडिलांच्या वयाच्या मराठी माणसाचं नुसतं नाव घ्यायला माझी जीभ वळेना. सर त्यांना चालत नव्हतं. ऑफिसात काका म्हणणं मला चमत्कारिक वाटत होतं. कित्येक महिने मी "ऐका ना" आणि "एक मिनिट" ह्यांच्यावर दिवस काढले. पुढे त्यांच्या बायकोने मला वेस्ट विंडसरच्या त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. त्या मला उंबऱ्यातच काकू झाल्या, आणि त्या ओघात हे काका झाले.

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण काका आणि त्यांचं काम वेगळं काढता येत नाही. एक आजार असतो, त्यात माणसाची कातडी हळूहळू घट्ट होत जाते. मूठ मिटत नाही, तोंड पुरतं उघडत नाही. अशा कातडीच्या पेशींना एक जनुक नेऊन द्यायचा, म्हणजे त्या ताळ्यावर येतील, अशी कल्पना होती. जनुक आपला आपण आत शिरत नाही, त्याला कुणीतरी न्यावं लागतं. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी निरुपद्रवी केलेला विषाणू वापरतात. आमच्या कंपनीला विषाणू नको होता. आमच्या लोकांनी साबणाच्या जातीचा एक चिकट रेणू बनवला होता. तो जनुकाला गुंडाळून घेऊन कातडीत उतरायचा. काका त्याला हमाल म्हणत. "ओझं उतरवल्यावर हमालाने घरात बसून राहायचं नसतं," हे त्यांचं वाक्य. तो हमाल आत किती गेला, किती दिवस रेंगाळला आणि बाहेर पडला की नाही, हे मोजायचं काम आमचं.

मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर होतं. नाव केवढंही मोठं असलं तरी ते रेणूंचं वजन करणारं यंत्र. काका त्याला काटा म्हणत. कातडीचा तुकडा बारीक करून, त्यातला अर्क काढून काट्यात सोडायचा. हमाल असला तर पडद्यावर त्याच्या वजनाच्या जागी एक सुळका उभा राहायचा. कातडी यायची ती पोट आवळून घेण्याच्या ऑपरेशनमधून, बाईने किंवा बुवाने सही करून दान केलेली. काका तो डबा उघडताना मान किंचित लववत. "कुणाचं तरी पोट आहे. घरचं समज आणि नीट वाग," असं मला सांगत.

पण त्यांचा खरा जीव होता कोऱ्यावर. कोरं म्हणजे ज्यात काहीच घातलेलं नाही असा नुसता द्रव. तो आधी काट्यात सोडायचा आणि पडदा सपाट आहे ना ते बघायचं. सपाट असला तरच खरा नमुना चालवायचा. नमुना झाला की पुन्हा कोरं. आमचा हमाल महाचिकट, त्याचा थोडा अंश नळीच्या आत अडकून राहायचा आणि पुढच्या कोऱ्यात बुटका सुळका होऊन डोकं वर काढायचा. काका त्याला "मागचं उरलेलं" म्हणत. ते दिसलं की यंत्र धू, परत कोरं चालव, परत धू. बाकीच्या टीमचं लंच होऊन जायचं तरी आमचं धुणं चालू. "काका, आता एवढुसं आहे, इग्नोर करू या ना," असं मी एकदा म्हटलं. त्यावर ते मला म्हणाले, "मागचं उरलेलं पुढच्याच्या नावावर नाही टाकायचं. तो अन्याय आहे." मी धुण्याची बाटली उचलली.

एखादी गोष्ट "नाही" असं ते कधी सांगत नसत. सुळका आला नाही की मी म्हणायची, "ह्यात काही नाही." लगेच दुरुस्ती व्हायची. "दिसलं नाही म्हण. काट्याची नजर पोचत नाही तिथेही काही असू शकतं." हे घरीदारी सगळीकडे चालायचं. काकूंच्या आमटीत मीठ राहिलं तर "मीठ दिसत नाहीये." त्यावर काकू म्हणायच्या, "मग चढवा काट्यावर. मीठ घालायला मी बसलेय इथे रिकामी."

क्रीमवर त्यांचा राग होता त्याला कारण होतं. आमच्या हमालाचे चुलतभाऊ सगळ्या घरांत पसरलेले असतात. केसांच्या कंडिशनरमध्ये, हाताच्या क्रीममध्ये, कपडे मऊ करायला ड्रायरमध्ये टाकतात त्या कागदांमध्ये. ते नमुन्यात शिरले तर काटा गोंधळतो. म्हणून लॅबमध्ये क्रीम बंद, कंडिशनर बंद, केसांना तेल बंद. माझे केस त्या वर्षात केरसुणीसारखे झाले. काका स्वतः तर कहर करत. त्यांचे कपडे गरम पाण्यात नुसते बुचकळून दोरीवर वाळवलेले असत, ताठ आणि खरखरीत. आणि हात! जानेवारी आला की त्यांचे हात उलत. बोटांच्या पेरांना भेगा पडत, कधी रक्त येई. जन्मभर लोकांच्या कातडीचा अभ्यास केलेल्या माणसाच्या स्वतःच्या कातडीची ही गत. बघवत नसे. काकूंना तर मुळीच बघवत नसे.

एका दिवाळीत मी त्यांच्याकडे होते. नरक चतुर्दशी नेमकी कामाच्या दिवशी आली होती, म्हणून काकूंनी मला सकाळी लवकर फराळाला ये, तिथूनच दोघं कामावर जा, असं सांगितलं होतं. मी पोचले तेव्हा पाट मांडलेला होता, चांदीच्या वाटीत कोमट सुवासिक तेल, शेजारी उटणं, आणि काका पाटावर बनियनवर बसून वाद घालत होते.

"आज मला कातडीचे सॅम्पल्स रन करायचेत."

"अहो, वर्षातून एकदा. मी काय बादलीभर ओतणार आहे का?"

"शकुनापुरतं लाव. इथे." त्यांनी पायाचा अंगठा पुढे केला. "नखावर. नखातून सहसा आत जात नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि अंगठ्याच्या नखावर तेलाचा एक थेंब ठेवला. मग त्या इतक्या हसल्या की वाटीतलं तेल हिंदकळून पाटावर सांडलं. काकाही हसले. "प्रोजेक्ट संपू दे, मग हवं तितकं चोपड," ते म्हणाले. हे वाक्य मी त्या घरात पुढे बऱ्याचदा ऐकलं. काकू "बरं" म्हणायच्या आणि तेलाची वाटी उचलून आत ठेवायच्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या कोऱ्यात एक सुळका यायला लागला. हमालाचा नव्हे, त्याच्या शेजारचा, कुणाच्या ओळखीचा नसलेला. आणि तो यायचा सोमवारी. सोमवारी उंच, मंगळवारी जरा बुटका, बुधवारपर्यंत दिसेनासा. पुढच्या सोमवारी परत हजर. सोमवारचे नमुने एकामागून एक टाकून द्यावे लागले. दान केलेली कातडी फुकट जातेय म्हणून काका सैरभैर झाले. वरून मॅनेजर विचारायला लागला की ही मोजण्याची पद्धतच भरवशाची आहे का. पद्धत गेली असती तर प्रोजेक्टही गेला असता.

काकांनी शोध लावायचा ठरवला. शनिवार-रविवारी सफाई करणाऱ्या कंपनीचा साबण तपासला. पाण्याचे फिल्टर बदलले. शेवटी एका सोमवारी सगळ्यांना एका ओळीत उभं करून प्रत्येकाच्या हातावरून ओला बोळा फिरवला, त्याचे अर्क छोट्या नळ्यांत भरले आणि काट्यावर चढवले. माझी नळी सपाट निघाली. मला केवढा आनंद झाला! बाकीच्यांच्याही जवळजवळ सपाटच. सगळ्यांत शेवटी त्यांनी स्वतःची नळी लावली, नुसती नियमाला नियम म्हणून. पडद्यावर सोमवारचा सुळका उभा राहिला, छतापर्यंत.

ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. यंत्राचा द्रव रोज सकाळी तेच बनवत, दुसऱ्या कुणावर सोपवत नसत. आणि ग्लोव्ह्ज घालत नसत, कारण ग्लोव्ह्जमधूनही काहीबाही उतरतं असं त्यांचं म्हणणं. त्यांचेच उघडे हात बाटलीच्या तोंडाला लागत होते. पण ते तर काहीच लावत नव्हते.

"रविवारी मी दुपारी झोपतो," ते एकदम म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी मला घरी नेलं. साक्षीदार हवा म्हणून असेल. काकू चहा टाकत होत्या. काकांनी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवला.

"हे काय आहे?" काकूंनी चष्मा लावला.

"तू रविवारी मी झोपलो की माझ्या हाताला क्रीम लावतेस. हे ते क्रीम."

काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. चोरी पकडली गेल्याची लाज वगैरे काही नाही. उलट त्यांचा चेहरा उजळला. "अगबाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे मुरलं होतं तर! मला वाटायचं, ह्यांच्या त्या चामड्यात काही शिरतच नसेल."

मला हसू फुटलं. काकांना फुटलं नाही. "हसण्यावारी नेऊ नकोस," ते म्हणाले. "कित्येक सोमवार वाया गेले. लोकांनी दिलेली कातडी मी कचऱ्यात टाकली. तुझ्या हौसेपायी."

हौस हा शब्द काकूंना लागला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कसं पुसलं गेलं ते मला आजही आठवतं. "रक्त येतं हो तुमच्या बोटांतून," त्या म्हणाल्या. "चादरीला लागतं. दुसरं आणू का? साधं खोबरेल लावलं तर?"

"प्रत्येकात काहीतरी असतंच. प्रोजेक्ट संपू दे."

तेवढ्यात टेक्सासहून त्यांच्या मुलीचा फोन आला. तिला स्पीकरवर सगळं सांगून झालं. ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट लोशन. लेट हर." काकांनी तिला चुलतभावांची सगळी वंशावळ ऐकवली. काकूंनी मधल्या वेळात ती क्रीमची बाटली उचलली आणि स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. पुढच्या सोमवारी कोरं सपाट आलं. काकांनी लॅबमध्ये सगळ्यांना डोनट वाटले.

त्यानंतर काही वर्षं आमचं मोजमाप इतकं चोख चाललं की बाहेरच्या लॅबमधून लोक ते बघायला येत. काकांचे हात दर हिवाळ्यात उलत राहिले. काकूंनी पुन्हा कधी काही लावलं नाही. रविवारी ते झोपले की त्या शेजारी खुर्ची घेऊन बसत आणि विणत, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही लावायचंत गुपचूप, शुक्रवारी रात्री वगैरे." त्या म्हणाल्या, "नको गं. त्यांचा काटा आहे तो. एकदा सांगितलं ना त्यांनी."

मग काकूंचं दुखणं निघालं. पोटातलं होतं, आणि कळलं तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मी एका दुपारी मऊ खिचडी घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये बर्फाचे ढीग होते. औषधांनी काकूंची कातडी कागदासारखी कोरडी झाली होती. नर्सने टेबलावर लोशनची बाटली ठेवलेली. काका पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या हाताला ते लोशन लावत होते. त्यांना ते जमत नव्हतं. त्यांनी आयुष्यात कुणाच्या हाताला काही चोळलं नव्हतं, ते नमुन्यावर थेंब टाकावा तसे थेंब टाकत होते आणि एका बोटाने पसरत होते.

काकूंनी डोळे उघडले. "अहो," त्या म्हणाल्या, "काटा बिघडेल तुमचा."

काका खाली मान घालून बोट फिरवत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "बिघडू दे." पण काकूंना तोवर झोप लागली होती. त्यांनी ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही, आणि काकांनाही वाटलं नसावं, कारण त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ऐकलं का गं तिने?" मी हो म्हणाले.

त्या गेल्याचा फोन काकांनीच केला. मला वाटलं होतं, हा माणूस आता काहीतरी आपल्या पद्धतीचं बोलेल, दिसत नाही वगैरे. ते म्हणाले, "नाही ती आता." एवढंच. त्यांच्या तोंडून असं नुसतं "नाही" मी पहिल्यांदा ऐकलं.

काकांनी नोकरी सोडली. पुढे वर्ष उलटायच्या आत कंपनी दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतली. नव्या लोकांना कातडीच्या कामात रस नव्हता. प्रोजेक्ट संपला नाही, नुसता थांबला. हमाल चांगला होता की वाईट, हे कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्या प्रोजेक्टच्या संपण्यावर काकूंची दिवाळी टांगून ठेवली होती, त्याचं हे असं झालं. मला ह्याची हळहळ वाटते, आणि रागही येतो. कुणाचा ते नक्की सांगता येत नाही.

लॅब रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. मोठा फ्रीझर उपसताना तळाशी एका खोक्यात ते हाताच्या बोळ्यांचे जुने अर्क सापडले. काकांची नळी तशीच होती, वर त्यांची आद्याक्षरं. मी ती टाकायच्या डब्याशी नेली आणि परत आणली. मग त्यांना फोन केला.

ते दुपारी आले. कपडे तसेच, ताठ आणि खरखरीत. हातांच्या भेगा तशाच. "आता तरी काही लावत जा हो," मी म्हटलं.

"लावायला घेतो," ते म्हणाले. "ड्रॉवरमधून बाटली काढतो. उजव्या हाताने डाव्याला लावलं तर उजवा कोरडा, डाव्याने उजव्याला लावलं की नुसतं इकडचं तिकडे. ती कसं लावायची मला माहीतच नाही. मी झोपलेलो असायचो." नंतर यंत्राकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी जिंकलो होतो बघ. डोनट वाटले होते. फार वाईट वाटतं त्याचं."

यंत्र अजून चालू होतं, दुसऱ्या दिवशी लिलाववाले न्यायला येणार होते. मी नळी पुढे केली. त्यांनी न विचारताच मला कळलं होतं.

"आधी कोरं," ते म्हणाले.

कोरं सपाट आलं. मग मी ती नळी लावली. काही क्षण पडद्यावर रेघ आडवी सरकत राहिली. आणि मग सोमवारचा सुळका उभा राहिला. पहिल्याएवढा उंच नव्हता, इतक्या वर्षांत थोडं झिजलं असेल. पण जागा तीच, वजन तेच. काका खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. रेघ खाली येऊन परत आडवी झाली तरी ते बघत होते.

"परत कोरं चालव," ते म्हणाले.

मी चालवलं. त्याच जागी एक बुटका सुळका आला. मागचं उरलेलं. इतक्या वर्षांच्या सवयीने माझा हात धुण्याच्या बाटलीकडे गेला.

"राहू दे," काका म्हणाले. "धुऊ नकोस."

मी बाटली खाली ठेवली आणि यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी माणसं आली, आणि ते तसंच घेऊन गेली.